पानं मोजणारं सरकार, दार अडवणारी कंपनी

काकाजींनी बरीच वर्षं यवतमाळातून साप्ताहिक चालवलं. आणीबाणीत मजकूर आधी अधिकाऱ्याला दाखवायचा आणि मग छापायला घ्यायचा, हे ज्यांनी केलं त्या पिढीतले ते. त्यांची पुतणी नागपुरात कायदा शिकली आणि आता यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. गूगल, मेटा यांसारख्या कंपन्यांना सरकारनं आवरावं की नाही, यावरून दोघांचं जुंपतं. परवा तो वाद मी शेवटपर्यंत ऐकला. इथे मांडतो आहे, कारण शहरांतल्या चर्चेत हा विषय कंपनी विरुद्ध सरकार असा येतो आणि ज्याचं बोलणं पणाला लागलेलं असतं, तो माणूस त्यात कुठेच दिसत नाही.

सुरुवात पुतणीनं केली.

"काकाजी, कापसाचा भाव तुम्हाला कुठे कळतो?"

"व्हॉट्सॲपवर. जिनिंगवाल्याचा ग्रूप आहे. सकाळी टाकते तो."

"शाळेचा निरोप, फवारणीचा सल्ला, गावातल्या मयतीची खबर?"

"सारं तिथंच येते."

"मग २०२१ चा जानेवारी आठवा. फोन उघडला की मधोमध एक सूचना यायची. नव्या अटी मान्य करा, तुमची माहिती आम्ही फेसबुकशी वाटून घेऊ. खाली दोन बटणं. एक 'मान्य' आणि दुसरं 'आत्ता नको'. 'नको' असं बटणच नव्हतं. २०१६ साली अटी बदलल्या तेव्हा निदान काही दिवस नकार देता येत होता, या वेळी तोही गेला. रागावून लोकांनी सिग्नल उतरवून घेतलं, टेलिग्राम घेतलं. आणि आठ दिवसांनी परत आले. कारण जिनिंगवाला तिथे नव्हता, शाळा तिथे नव्हती."

पुढचा घटनाक्रम तिनं तारखेवार सांगितला. मार्च २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून चौकशी लावली. १८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला. मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड, शिवाय जाहिरातीच्या कामासाठी व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी. कंपनी अपिलात गेली. ४ नोव्हेंबर २०२५ ला अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी मात्र काढून टाकली.

"२००२ च्या स्पर्धा कायद्याचं चौथं कलम हेच सांगतं. मोठं असणं बेकायदा नाही, मोठेपणाच्या जोरावर समोरच्याला कोंडीत पकडणं बेकायदा. गूगललाही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड झाला, तो याच कलमाखाली. यात कुणाच्या बोलण्यावर गदा आली, सांगा बरं?"

"अजून आली नाही," काकाजी म्हणाले. "पण २१३ कोटी त्या कंपनीले काय जड आहे? आणि त्या दंडातून माझ्या ग्रूपवाल्या शेतकऱ्याले काय भेटलं? ते जाऊ दे. मले भीती वाटते ती दुसरीच. तू 'सकाळ'चा खटला शिकली असशीन."

हा खटला आज फारसा कुणाला आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९५६ साली केंद्र सरकारनं वर्तमानपत्रांच्या किमती आणि पानं यांचा कायदा केला आणि १९६० साली त्याखाली आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची, हे सरकार ठरवणार. कारण चांगलं दिलं होतं. मोठी वर्तमानपत्रं कमी किमतीत जास्त पानं देऊन लहानांना जगू देत नाहीत, ही गैर स्पर्धा थांबवायची. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात काढलेला 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांना मिळे आणि आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून चौतीस पानं देई. आदेशाप्रमाणे त्या किमतीत चोवीसच पानं देता आली असती. चौतीस हवी असतील तर किंमत वाढवा. किंमत वाढली की खप घटणार, पानं घटली की मजकूर घटणार. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्याबरोबर 'सकाळ'चे वाचकही स्वतंत्र अर्ज घेऊन गेले, हे मला फार मोलाचं वाटतं. १९६१ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो कायदा आणि आदेश रद्द केला. निकाल लिहिला न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकरांनी. १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले अमरावतीचे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे हे चिरंजीव. निकालाचा गाभा असा की व्यापारावर सार्वजनिक हितासाठी बंधनं घालता येतात, पण अभिव्यक्तीवर घालायची बंधनं घटनेनं नावानिशी सांगितली आहेत आणि त्यांत 'सार्वजनिक हित' नाही. तेव्हा मक्तेदारी रोखण्याच्या नावाखाली सरकारला बोलण्याला हात घालता येणार नाही.

"हेतू काय होता?" काकाजी म्हणाले. "लहान पेपरले जागा मिळावी. माझा पेपर लहानच होता, मले तं तो आदेश गोड वाटाले पाहिजे होता. पण सरकारच्या हातात काय आलं असतं? पानं मोजाचा अधिकार. ज्याच्या हातात पानं, त्याच्या हातात पेपर. १९७५ मध्ये दिल्लीत पेपरवाल्यांची वीज कापली रातोरात. विजेचं बिल थकलं होतं काय? साधन कोणतंही चालते बेटा, एकदा हातात आलं की झालं."

"मुधोळकर म्हणाले तेच मी म्हणते आहे," पुतणी म्हणाली. "त्यांनी व्यापाराला हात लावू नका असं कुठे म्हटलं? बोलण्याला लावू नका म्हटलं. १९६० चा आदेश थेट पानांवर पडत होता, म्हणून गेला. आयोगानं व्हॉट्सॲपचा एक निरोप वाचला नाही, एक ग्रूप बंद केला नाही. आमची माहिती आमच्या मर्जीशिवाय जाहिरातवाल्या बहीण-कंपनीला देऊ नका, एवढंच सांगितलं. हे पानं मोजणं नाही."

इथे मला पुतणीचं पटलं. वर्तमानपत्राला कामगार कायदा लागू होतो, करही लागू होतात, तसा स्पर्धा कायदाही लागू होईल. 'आम्ही लोकांच्या बोलण्याची जागा आहोत' असं म्हणून कंपनीला व्यवहाराच्या नियमांतून सुटता येणार नाही. पण काकाजींचा मुद्दा तेवढ्यानं संपत नव्हता, आणि तो संपलाही नाही.

त्यांनी विषय कापसावर आणला. यवतमाळात तो कधीतरी येणारच होता.

"एकाधिकार खरेदी तुले आठवणार नाही. १९७२ पासून शेतकऱ्यानं कापूस सरकारी संकलन केंद्रावरच विकाचा. दुसऱ्याले विकला तं गुन्हा. बंड्यांची रांग दोन-दोन दिवस लागे. ग्रेडर येई, ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढे, पाहे आणि प्रत सांगे. त्याची प्रत म्हणजे तुझा भाव. भांडाची सोय नाही, कारण दुसरीकडे जाता येत नाही. चुकारे कधी येतील याचा पत्ता नाही. आणि ही मक्तेदारी कोणाची होती? कंपनीची नाही. सरकारची, शेतकऱ्याच्या भल्याची, दलालापासून त्याले वाचवाची. म्हणून म्हणतो, मक्तेदारी मोडाले सरकारले बोलावशीन, तं ते स्वतःच बसते त्या जागेवर."

"त्या काळात लोक काय करत होते?"

"काय करतीन? पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडून आदिलाबादले नेत. तिकडं भाव बरा असला की रात्री गाड्या निघत."

"म्हणजे दुसरा बाजार होता म्हणून शेतकरी तगला."

"आणि त्या रस्त्यावर नाके कोणी बसवले होते? सरकारनंच ना!"

पुतणी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरोबर आहे. पण नाका बसवणं सोपं का झालं? खरेदीदार एकच होता म्हणून. शंभर खरेदीदार असते तर किती नाके बसवाल? काकाजी, माझं म्हणणं नेमकं हेच आहे. बोलण्याची जागा जेवढ्या कमी लोकांच्या हाती, तेवढं सरकारला गप्प करणं सोपं. तुमची सरकारची भीती खरी आहे. पण त्या भीतीवर औषध म्हणून तुम्ही कंपनीला मोठं राहू देता, आणि तिथेच चुकता."

माझ्या मते या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. मक्तेदार कंपनी आणि सेन्सॉर हे एकमेकांचे शत्रू आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते एकमेकांना सोयीचे असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली सरकार मजकूर बंद करायला सांगतं, आणि २००९ च्या नियमांप्रमाणे तो आदेश गोपनीय असतो. ज्याचं लिखाण गेलं त्याला अनेकदा कारणही कळत नाही. आता असे मजकूर काढण्याचे आदेश कंपन्यांना धाडणारं गृह मंत्रालयाचं 'सहयोग' हे पोर्टल आहे. एक्स कंपनीनं त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळलं गेलं. अशा वेळी ज्या कंपनीवर स्पर्धा आयोगाचा कोट्यवधींचा खटला चालू आहे, ती उमरखेडच्या एखाद्या शिक्षकाची पोस्ट वाचवायला सरकारशी भांडेल काय? त्या शिक्षकाची किंमत तिच्या हिशेबात किती? स्पर्धा आयोगानं बोलण्याला हात लावला नाही, हे खरं. पण आयोगाच्या खटल्याचं ओझं अंगावर असलेली कंपनी दुसऱ्या मंत्रालयाचं पत्र आलं की मान डोलावणार, हेही तितकंच खरं. काकाजींना हे नेमकं दिसत होतं.

"अमेरिकेत तं उघडच चाललं आहे," ते म्हणाले. "तिथं गूगलले न्यायाधीश अमित मेहतांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मक्तेदार ठरवलं, ते कोर्टात, पुरावे पाहून. ते ठीक. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं चौकशी कायची लावली? कंपन्या कोणाचं बोलणं दाबतात याची! व्यापाराचा आयोग, नि विचारून राहिला बोलण्याबद्दल. ज्याले आपल्या बाजूचं बोलणं वर आणाचं आहे, त्याले हे हत्यार फार आवडीन."

"हे मलाही मान्य नाही."

"मंग आमच्या गावचंच घे. जानेवारी २०१९. संमेलन."

हे यवतमाळला सांगावं लागत नाही. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारीला इथे भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका नको असं सांगत संमेलन उधळण्याची धमकी आली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. शेवटी उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. त्यांच्या शेतकरी पतीनं आत्महत्या केली होती. त्या मांडवात त्या जे बोलल्या ते या जिल्ह्याच्या दुःखातून आलेलं होतं. अरुणाताई ढेरे अध्यक्ष होत्या आणि निमंत्रण मागे घेणं चूक होतं हे त्यांनी व्यासपीठावरून स्पष्ट सांगितलं.

"सहगलबाईंचं भाषण मांडवात झालं नाही," काकाजी म्हणाले. "पण पेपरांनी छापलं, मराठीत आलं, आणि फोनाफोनी गेलं. मांडवात बसले नसते एवढ्या लोकांनी वाचलं. ज्यानं तोंड बंद केलं तो आमचाच माणूस होता, ज्यानं पोचवलं ती तुझी परदेशी कंपनी. आता तिले मोड म्हणते तू!"

"पोचवलं, कारण त्या दिवशी पोचवणं तिला परवडत होतं. ज्या दिवशी परवडणार नाही त्या दिवशी? फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियानं बातम्यांचे पैसे मागणारा कायदा आणला, तर फेसबुकनं त्या देशात बातम्याच बंद केल्या. कॅनडात २०२३ च्या ऑगस्टपासून मेटानं तेच केलं. सरकारनं एक दिवस बातम्या बंद केल्या असत्या तर तुम्ही रस्त्यावर उतरला असता. कंपनीनं केल्या तर कुठे उतरणार? आणि राईनपाडा घ्या."

राईनपाड्याचं नाव निघालं तेव्हा दोघंही जरा वेळ बोलले नाहीत. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या त्या पाड्यावर, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. अफवा फोनवरून फिरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली.

"मर्यादा चांगलीच होती," पुतणी म्हणाली. "पण पाचच का? आधी का नाही? कुणी ठरवलं? कोट्यवधी लोकांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे एका कंपनीच्या कचेरीत ठरलं आणि आम्हाला ते फोन उघडल्यावर कळलं. काकाजी, तुमच्या ग्रेडरला निदान डोळ्यांनी पाहता येत होतं."

काकाजींनी मान हलवली. "पण बाई, तो आकडा सरकारनं ठरवला असता तं? पालघर विसरली काय? नोव्हेंबर २०१२. मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका पोरीले, आणि त्या ओळी आवडल्या म्हणून दुसरीले पोलिसांनी धरलं. ज्याखाली धरलं ते ६६-अ कलम जाले २०१५ उजाडलं. मंग सरकारनं सत्यशोधन कक्ष आणला. आपल्याबद्दल काय खोटं ते सरकारच ठरवीन. तो मुंबई उच्च न्यायालयात पडला, २०२४ मध्ये. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला तेव्हा कुठं. प्रत्येक वेळी कोर्टानं वाचवलं. प्रत्येक वेळी वाचवीन काय?"

एक गोष्ट मी मधे विचारली. बियाण्याचं काय झालं? कारण मक्तेदारीची चौकशी यवतमाळच्या शेतापर्यंत आली होती ती बीटी कापसाच्या निमित्तानं. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्पर्धा आयोगानं माहिको मोन्सॅन्टोच्या बियाणे तंत्रज्ञानाच्या शुल्काबद्दल चौकशीचा आदेश दिला होता. १३ जुलै २०२३ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं निकाल दिला की पेटंटचा विषय पेटंट कायद्यानंच पाहायचा, आयोगाला तो अधिकार नाही. सात वर्षं गेली आणि चौकशीच रद्द झाली. पुतणीला हे सांगताना त्रास होत होता, हे दिसत होतं. तिच्या बाजूचं सगळ्यात कच्चं टोक हेच आहे. दंड होईपर्यंत बाजार कंपनीच्या खिशात गेलेला असतो. म्हणूनच मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या समितीनं डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा दिला. फार मोठ्या कंपन्यांची आधीच नावानिशी निवड करायची आणि काय करू नये ते आधीच सांगून ठेवायचं. त्याचा कायदा अजून झालेला नाही.

"आणि त्या कंपन्या निवडणार कोण?" काकाजी लगेच म्हणाले.

"आयोग."

"आयोगाची माणसं कोण नेमते?"

"केंद्र सरकार."

"झालं तं मंग."

"झालं नाही, काकाजी. उपाय कंपनीचे तुकडे करण्याचा नाहीच मुळी. आपण फोनपेवरून गूगल पेवाल्याला पैसे पाठवतो. बँक वेगळी, ॲप वेगळं, तरी पैसे जातात, कारण तसा नियम आहे. निरोपाचं तसं का नको? मी दुसऱ्या ॲपवरून लिहीन, तुम्हाला व्हॉट्सॲपवर मिळेल. युरोपीय संघानं मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपवर हे बंधन टाकलं आहे. माझा ग्रूप मला दुसरीकडे नेता आला की कंपनी मला कोंडू शकत नाही आणि सरकारला एकाच दारावर नाका बसवून भागत नाही. यात कुणाचंही बोलणं मोजावं लागत नाही."

काकाजी यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे चालीन. पण त्यात एक कलम पाहिजे. कंपनीनं कोणाचं काय छापलं, काय काढलं, हे आयोगानं पाहाचं नाही. विचाराचंही नाही. ते लिहून दे, मंग मी तुझ्या बाजूनं."

"लिहून द्यायला मी कोण?"

"तू वकील आहे ना. माग!"

माझा कौल काकाजींच्या या मागणीला आहे, आणि पुतणीच्या उपायालाही. कंपन्यांना आवरायलाच हवं. या जिल्ह्यात कापसाचा भाव, फवारणीचा इशारा आणि सरकारवरची टीका एकाच कंपनीच्या ॲपवरून जाते, ही धोक्याची गोष्ट आहे. २०१७ च्या हंगामात इथे फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अशी बातमी वेळेवर पोचणं न पोचणं हा आमच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. पण आवरण्याचं काम करणाऱ्याच्या हाती मजकुराचा अधिकार एक कणभरही जाता कामा नये, आणि मजकूर काढण्याचे आदेश गोपनीय राहता कामा नयेत. ज्याचं लिखाण काढलं त्याला कारण लेखी मिळायला हवं, म्हणजे त्याला न्यायालयाचं दार तरी ठोठावता येईल. ही दोन कामं वेगळी ठेवणारी रेघ मुधोळकरांनी १९६१ सालीच आखून दिली आहे. नव्या कायद्यात ती शब्दांत उतरवून घेणं बाकी आहे.

विधेयक संसदेत येईल तेव्हा ही मागणी करायला दिल्लीत मोठ्या कंपन्यांचे वकील असतीलच, पण ते त्यांच्या सोयीनं करतील. आपल्या बाजूनं आपल्यालाच करावी लागेल. यवतमाळ जिल्हा यवतमाळ-वाशीम, चंद्रपूर आणि हिंगोली अशा तीन लोकसभा मतदारसंघांत वाटलेला आहे. म्हणजे आपल्याला विचारायला तीन खासदार आहेत. मसुद्यात निरोप एका ॲपवरून दुसऱ्यावर नेण्याचा हक्क आहे का, आणि आयोगाला मजकुरापासून लांब ठेवणारं कलम आहे का, एवढे दोन प्रश्न लिहून त्यांना पाठवा आणि उत्तर लेखी मागा.